बोटाखालचे आकडे

"अंगठा उठंना झालाय बगा."

निपाणीत रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. पुढची मावशी अंगठा पदराला पुसते, पुन्हा काचेवर टेकवते. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. यंत्र दर वेळी नाही म्हणतं. मावशी तीसेक वर्षं बिड्या वळते आहे. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, त्यावर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी गुंडाळी करायची, टोक मुडपायचं, दोरा मारायचा. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं मिळते, म्हणजे एवढं सगळं हजार वेळा. या घासाघाशीत बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजतात, आणि यंत्राला नेमक्या त्याच रेषा वाचायच्या असतात.

शेवटी दुकानदार दुसरी वाट काढतो. आधारचे बारा आकडे यंत्रात टाकतो. मावशीच्या बटणाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. ती एकेक आकडा मोठ्यानं वाचते, तो एकेक बटण दाबतो, आणि धान्य मिळतं. मेसेज उघडताना मावशीनं दाबलेलं बटण त्याच अंगठ्याखालचं होतं. तिथं मात्र काही अडलं नाही.

कीपॅडची खरी थोरवी मला इथं दिसते. बोट कुणाचं, कसं, रेषा शाबूत आहेत की गेल्या, हे तो विचारत नाही. त्याला फक्त दाब हवा असतो. ओला हात चालतो, तंबाखूनं माखलेला चालतो, थरथरता चालतो, हातमोज्यातलाही चालतो. यंत्राला आपलं म्हणणं सांगायची जेवढी साधनं माणसानं शोधली, त्यांत इतकं कमी मागणारं दुसरं क्वचितच असेल. फोन, एटीएम, वजनकाटा, कॅल्क्युलेटर, कंडक्टरचं तिकीट मशीन, दाराचं आकडी कुलूप, मतदान यंत्र: दिवसभरात आपण किती बटणं दाबतो याची मोजदाद कुणी ठेवत नाही. त्या बटणांच्या खाली काय चालतं आणि ती आहेत तशीच का मांडली गेली, ते या प्रकरणात पाहू.

आत काय आहे ते पाहायला मोबाइल रिपेअरीच्या दुकानासारखी जागा नाही. बटणाचा फोन बिघडला म्हणून आणला की कारागीर चार स्क्रू काढतो, पुढचं झाकण उचलतो आणि आकड्यांची रबरी चटई बोटाच्या टोकानं अलगद सोडवतो. चटई उलटी केली की प्रत्येक आकड्याच्या मागे एक बारीक उंचवटा दिसतो. खाली हिरव्या पट्टीवर, बरोबर त्या उंचवट्यांसमोर, धातूच्या छोट्या घुमटाकार चकत्या चिकटवलेल्या असतात. बोटाचा दाब आला की चकतीचा घुमट टक् करून आत दबतो आणि खालच्या दोन सोनेरी रेषा जोडल्या जातात. बोट उचललं की घुमट पुन्हा वर. बटण दाबल्याचं समाधान देणारा तो 'टक्' म्हणजे या चकतीची उलटापालट. टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि कित्येक कॅल्क्युलेटरांत चकतीऐवजी रबराच्याच पोटाला कार्बनची काळी टिकली असते. तिच्यावर मळ बसला की बटण जोर लावूनही लागत नाही. मग कारागीर शाळेतला खोडरबर घेतो, टिकली आणि रेषा हलक्या हातानं पुसतो, कापूस फिरवतो, आणि रिमोट पुन्हा चालू होतो. वजनकाट्यावर तर बटणासारखं उठून काही दिसतही नाही. वर प्लास्टिकचा सपाट छापील कागद, त्याच्या पोटात अंतर राखून बसवलेले दोन थर. दाबलं की थर भिडतात. धूळ आत शिरायला फट नाही, म्हणून तंबाखूच्या वखारीतल्या त्या नाक झोंबवणाऱ्या धुळीतही काटा वर्षानुवर्षं काम देतो.

बारा बटणं, पण यंत्राच्या मेंदूपर्यंत तारा सातच जातात. निपाणीच्या शिवारात उभ्या-आडव्या ओळींत लावलेली तंबाखू पाहिलेल्या माणसाला यामागची युक्ती लगेच समजेल. रानातलं एखादं रोप दाखवायचं तर प्रत्येक रोपाला नाव द्यायला लागत नाही. "बांधाकडनं तिसरी ओळ, विहिरीकडनं दुसरं" म्हटलं की पुरतं. कीपॅडमध्ये चार आडव्या तारा आणि तीन उभ्या. जिथं एक आडवी आणि एक उभी भेटते तिथं एक बटण. यंत्र एकामागून एक आडव्या तारांत वीज सोडतं आणि कुठल्या उभ्या तारेतून ती परत येते ते बघतं. ही फेरी सेकंदाला कितीतरी वेळा होते, त्यामुळे आपलं बोट कितीही चपळ असलं तरी हुकत नाही.

आणखी एक बारकावा आहे. धातूवर धातू आदळला की तो लगेच स्थिर होत नाही. चेंडू जमिनीवर टप्पे घेतो तसे ते टोक काही मिलिसेकंद उडतं. यंत्राच्या दृष्टीनं ते एका 'पाच'चे चार-पाच 'पाच' होतात. म्हणून पहिला स्पर्श कळला की यंत्र क्षणभर थांबतं, थरथर संपू देतं आणि मगच आकडा मोजतं. आपण एकदा दाबलं की एकदाच उमटतं, याच्या मागे हा संयम असतो.

आता मांडणीकडे वळू. फोनवर एक-दोन-तीन वर असतात आणि कॅल्क्युलेटरवर सात-आठ-नऊ. दोन्ही वस्तू एकाच टेबलावर पडलेल्या असतात, तरी हे आपल्या फारसं लक्षात येत नाही. तंबाखूच्या पेढीवरच्या दिवाणजींना विचारा. कॅल्क्युलेटरवर त्यांची बोटं न बघता पळतात. वजन गुणिले दर, वजा हमाली, बरोबर. तेच दिवाणजी फोन लावायला घेतात तेव्हा हात क्षणभर अडखळतो.

कारण दोन्हींचं घराणं वेगळं. कॅल्क्युलेटरची मांडणी बेरजेच्या यंत्रांकडून आली. अमेरिकेत डेव्हिड सन्डस्ट्रँड यांनी १९१४ च्या सुमारास दहा बटणांचं बेरीज-यंत्र काढलं, त्यात खालून वर चढत जाणारे आकडे होते. तीच चाल पुढे कॅल्क्युलेटरांनी आणि संगणकाच्या कीबोर्डच्या उजव्या बाजूनं उचलली. फोनची गोष्ट निराळी. तिथं आधी गोल डायल होती. डायल भोकात बोट घालून फिरवायची आणि सोडायची. परतताना ती जितक्या वेळा तारेतला प्रवाह तोडेल तितका आकडा. एकला एक ठोका, नवाला नऊ, शून्याला दहा, सेकंदाला साधारण दहा ठोके. फोनला कुलूप लावायचं म्हणजे डायलच्या भोकात छोटं कुलूप अडकवायचं. माहीतगार लोक रिसीव्हरचा खटका ठोक्यांच्या हिशेबानं आपटूनही नंबर लावत.

डायलच्या जागी बटणं आणायची ठरली तेव्हा ती कशी मांडावीत हा प्रश्न बेल प्रयोगशाळेत माणसांवर प्रयोग करून सोडवला गेला. त्या गटाचे प्रमुख होते जॉन कार्लिन, मानसशास्त्रज्ञ. टेलिफोनच्या कारखान्यात मानसशास्त्रज्ञाचं काय काम, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. पण यंत्र माणसाच्या मापाचं करायचं असेल तर आधी माणूस मोजावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पाच-पाचच्या दोन ओळी, डायलसारखं वर्तुळ, कॅल्क्युलेटरसारखी उलटी चढण अशा तऱ्हेतऱ्हेच्या मांडण्या लोकांच्या हाती दिल्या. वेग मोजला, चुका मोजल्या, काय आवडलं ते विचारलं. बटणाचा आकार, दोन बटणांतलं अंतर, ते किती खोल जावं, हेही तपासलं. १९६० साली रिचर्ड डायनिंजर यांनी हे निष्कर्ष छापले. बऱ्याच मांडण्यांत फरक फार मोठा नव्हता. पण वाचतो त्या क्रमानं, वरून खाली, तीन-तीनच्या ओळी आणि खाली मध्ये शून्य, ही मांडणी नवख्याला सोपी गेली. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत बटणांचे फोन सुरू झाले. स्टार आणि हॅश ही दोन बटणं १९६८ साली जोडली गेली. आज मावशीच्या फोनवर जी मांडणी आहे ती तीच.

आपल्या भागात फोन ही गोष्ट घराघरांत नव्हतीच. आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं एक नाव मात्र भारताच्या दूरसंचाराच्या इतिहासात पक्कं कोरलेलं आहे. सी-डॉट या सरकारी संस्थेनं खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असं. ते पहिल्यांदा बसलं १९८६ साली कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या गावी, निपाणीहून बेळगावमार्गे महामार्गावर पुढं. त्यानंतरच्या काही वर्षांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गावोगावी उभे राहिले, आणि आपल्याकडच्या कित्येकांनी पहिलं बटण तिथल्या काचेच्या खोलीत दाबलं. आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून आणलेले. बूथवाला म्हणायचा, "हळू दाबा, आवाज येऊ द्या."

त्या आवाजात बरंच काही दडलेलं आहे. प्रत्येक बटणाला दोन सूर असतात. आडव्या ओळीचा एक, उभ्या ओळीचा एक, आणि दोन्ही एकाच वेळी वाजतात. पाच दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. एक दाबला की ६९७ आणि १२०९. चार खालचे सूर आणि तीन वरचे, मिळून बारा जोड्या. सूर असे निवडले की एकही दुसऱ्याची पट नाही, आणि दोघांची बेरीज-वजाबाकी करूनही तिसरा निघत नाही. म्हणजे तानपुऱ्यात जे सूर जुळवून घ्यायचे असतात, ते इथं मुद्दाम न जुळणारे ठेवले. कारण माणसाच्या बोलण्यात किंवा गाण्यात चुकून असा जोड निघाला आणि एक्स्चेंजला तो आकडा वाटला, तर घोटाळा व्हायचा. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, त्या जिल्ह्यातल्या वाचकाला सुरांचा हा व्यवहार मनापासून आवडेल असं मला वाटतं.

आकडा सूर झाला आणि मग तो तारेतून, हवेतून, कुठंही जाऊ लागला. याचा सगळ्यात सुंदर उपयोग, माझ्या मते, शेतात झाला.

वेदगंगेकाठच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, रात्रीच्या पाण्याचे हाल काय असतात. थ्री फेज लाईट रात्री येणार. कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही. मोटर नदीवर, घर दोन-तीन किलोमीटरवर. बॅटरी घेऊन चालत जायचं, चिखल, साप, विंचू. तिथं पोचावं तर लाईट गेलेली. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी म्हाताऱ्या आजोबांची हीच पायपीट पाहिली होती. त्यांनी मोटरच्या स्टार्टरला मोबाइल जोडणारं उपकरण तयार केलं आणि त्याला नाव दिलं नॅनो गणेश. शेतकऱ्यानं घरून त्या उपकरणाचा नंबर लावायचा. पलीकडून येणाऱ्या आवाजावरून तिथं लाईट आहे की नाही ते कळतं. असली तर ठरलेले आकडे दाबायचे. त्या आकड्यांचे सूर उपकरण ओळखतं आणि मोटर सुरू करतं. बंद करायलाही तसंच. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला पारितोषिक मिळालं. त्याच्यामागोमाग आज कितीतरी कंपन्यांचे मोबाइल स्टार्टर बाजारात आहेत, आणि निपाणी-कागल पट्ट्यात रात्री दोन वाजता अंथरुणातच उठून बसून, डोळे मिटलेले ठेवून, आकडे दाबणारे शेतकरी मी पाहिलेत. महागडा फोन नको, इंटरनेट नको, वाचताही यायला नको. पाठ असलेले आकडे आणि अंगठा, एवढ्यावर नदीचं पाणी उसात जातं.

डोळे मिटून बटण सापडतं कसं? पाचवर हात फिरवून पाहा. एक बारीक ठिपका किंवा रेघ लागेल. फोनवर, एटीएमवर, कॅल्क्युलेटरवर, बहुतेक सगळीकडे. पाच सापडला की त्याच्या आजूबाजूचे आठ आकडे आपोआप सापडले, आणि फोनवर आठच्या खाली शून्य. दृष्टिहीन माणसाला या एका ठिपक्यानं अख्खा कीपॅड खुला करून दिला. टचस्क्रीनच्या गुळगुळीत काचेवर असा ठिपका नसतो, हे माझ्या मते त्या काचेचं सगळ्यात मोठं उणेपण आहे.

इथवर कीपॅड सगळीकडे सारखाच. कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे.

निपाणीत दुकानाच्या पाटीवर कन्नड आणि मराठी दोन्ही, घरात मराठी, कचेरीत कन्नड. दोन्ही लिपींना स्वतःचे आकडे आहेत. कन्नडचा एक आणि मराठीचा एक दिसायला वेगळे. पण कुठल्याही कीपॅडवर यांतले कुठलेच नसतात. तिथं असतात ते जगभर चालणारे आकडे, ज्यांना आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' म्हटलं आहे. कन्नड शाळेत शिकलेला आणि मराठी शाळेत शिकलेला, दोघंही तेच वाचतात. या गावात दोन्ही बाजूंना सारखीच आपली वाटणारी लिपी कोणती असं कुणी विचारलं, तर मी फोनच्या बटणांकडे बोट दाखवीन.

आकड्यांचं हे सामर्थ्य एका मराठी माणसानं फार लवकर ओळखलं होतं. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. देशात एकाच नावाची अनेक गावं, पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले, पत्रं भलतीकडेच जायची. त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड आखला, तो १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्राचा चार, कर्नाटकाचा पाच. निपाणीचा पिन ५९१२३७. गंमत अशी की गावाला खेटून असलेलं अर्जुननगर हे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. तिथलं देवचंद कॉलेज महाराष्ट्रातलं, पण टपाल निपाणीवरून येतं, म्हणून पत्त्यावर जिल्हा कोल्हापूर आणि पिन ५९१२३७. आकड्यांनी इथं राज्याची रेघ बघितली नाही, पोस्टमनच्या सायकलीची वाट बघितली.

फोनच्या आकड्यांना मात्र ती रेघ दिसायची. निपाणीचा एसटीडी कोड ०८३३८, कोल्हापूरचा ०२३१. चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला लेक दिली, की तिच्याशी बोलायला दुसऱ्या राज्याचा आकडा आधी दाबायचा. मोबाइल आल्यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक ही वेगळी सर्कल झाली. कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे-पलीकडे होताना फोन आपोआप टॉवर बदलायचा आणि घरच्या अंगणातही रोमिंग लागायचं. ते पैसे वाचवायला म्हणून आपल्या भागात मिस्ड कॉलची स्वतःची भाषाच तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. रोमिंगचे पैसे गेले तशी ती भाषाही विरली.

आणि मग ते वाक्य. कुठल्याही मदत क्रमांकावर फोन लावा: अमुक भाषेसाठी एक दाबा, तमुक भाषेसाठी दोन दाबा. नंबर कर्नाटकातला असल्यामुळे एका कंपनीच्या त्या यादीत कन्नड, इंग्रजी आणि हिंदी असायची, मराठी नसायची. माझी आई तीनही भाषा ऐकून घ्यायची, शांतपणे फोन माझ्याकडे द्यायची आणि म्हणायची, "आपलं बटणच न्हाई यात." ते वाक्य मला आजही टोचतं. बारा बटणं होती, त्यांतली सात-आठ रिकामीच होती. एकावर मराठी बसवायला तारही लागली नसती. भाषा निवडायचं बटण हे कीपॅडवरचं सगळ्यात स्वस्त बटण आहे, आणि सीमेवरच्या माणसाला त्याचं मोल सगळ्यात जास्त. सुधारणा झाल्या आहेत, हेही सांगायला हवं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे, आणि बावीसही भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. म्हणजे साध्या फोनवरही मराठीतला निरोप आता चौकोन-चौकोन न दिसता अक्षरांत दिसतो.

त्याआधी आपण मराठी लिहायचो ती इंग्रजी अक्षरांत. एका बटणावर तीन-चार अक्षरं, हवं ते येईपर्यंत दाबत राहायचं. 'निपाणी' लिहायचं तर एनला सहा दोनदा, आयला चार तीनदा, पीला सात, एला दोन, पुन्हा सहा दोनदा, चार तीनदा. बारा वेळा दाबल्यावर एक गाव. टी-नाइन नावाची सोय आली तेव्हा प्रत्येक अक्षराला एकच दाब पुरू लागला, फोन आतल्या शब्दकोशातून शब्द ओळखायचा. सहा दाबांत निपाणी व्हायला हवी होती. पण तो शब्दकोश इंग्रजीचा. त्याला ना निपाणी ठाऊक, ना 'येतो', ना 'जेवलास का'. म्हणून पोरांनी टी-नाइन बंद करून ठेवलं आणि अंगठ्याच्या वेगावरच भागवलं. वर्गात बाकाखाली हात ठेवून, नजर फळ्यावर, पूर्ण निरोप लिहिणारी एक अख्खी पिढी त्या बटणांवर तयार झाली. २००३ साली आलेला नोकिया ११०० हा त्या पिढीचा फोन. धूळ आत जाऊ न देणारी सलग रबरी चटई आणि टॉर्च. जगभर पंचवीस कोटींच्या घरात खपला. निपाणीच्या वखारींत त्याच्याइतका दुसरा फोन टिकला नाही.

पैशांच्या बटणांबद्दलही थोडं. लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये २७ जून १९६७ रोजी पहिलं रोकड देणारं यंत्र बसवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. गुप्त आकडा त्यांना सहा अंकांचा हवा होता. पत्नी कॅरोलिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतील. जगभर चार अंकी पिन रुळला त्यामागे ही गोष्ट सांगतात. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात. तीन चुकांनंतर कार्ड अडवलं की दहा हजार पुष्कळ झाले. एटीएमचा कीपॅड आतून फोनपेक्षा फार वेगळा असतो. आपण दाबलेला आकडा तो तिथल्या तिथं, स्वतःच्या पोटातच, सांकेतिक करून मग पुढे पाठवतो. उघडायचा प्रयत्न झाला तर आतली किल्ली स्वतः पुसून टाकतो.

दाराच्या आकडी कुलपाला असलं संरक्षण नसतं आणि बटणं झिजतात. चार बटणं गुळगुळीत दिसली तर चोराला चार आकडे मिळाले, क्रम लावायचे २४ प्रकार उरले. आता एक आकडा दोनदा वापरलेला असेल तर तीनच बटणं झिजतात, आणि तेव्हा प्रकार होतात ३६. म्हणजे एक आकडा पुन्हा घेतला तर शोधणाऱ्याचं काम वाढतं. कागदावर मांडून पाहा, पटेल. आणि अधूनमधून आकडा बदलावा, म्हणजे सगळीच बटणं सारखी झिजतात.

एक कीपॅड असा आहे ज्यावर बोट पाच वर्षांतून मोजक्याच वेळा पडतं. मतदान यंत्राचं मतपत्रक-युनिट: उभ्या ओळीत सोळा निळी बटणं, शेजारी ब्रेलमध्ये क्रमांक. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल ही यंत्रं बनवतात. आमच्या जिल्ह्याचा या बटणांशी एक वेगळाच संबंध आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधायला महाराष्ट्र एकीकरण समितीनं बेळगावात उमेदवारांची रांग उभी केली. एकूण उमेदवार झाले ४५६. तेव्हा मतदान कागदावर होतं, आणि मतपत्रिकेचं पुस्तक झालं. निपाणी त्या वेळी चिकोडी मतदारसंघात, तरी ते पुस्तक बघायला मिळालेल्यांच्या तोंडून त्याचं वर्णन आम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० झाली.

आता तेवढे उमेदवार यंत्रावर बसवायचे म्हटलं तर? 'वरीलपैकी कुणीही नाही' धरून ४५७ नावं, सोळाच्या हिशेबानं २९ युनिटं. सध्याच्या यंत्राला जास्तीत जास्त २४ जोडता येतात, म्हणजे ३८४ बटणं. बेळगावचा तो निषेध आजच्या यंत्रातही मावला नसता. तेलंगणातल्या निजामाबादला २०१९ साली हळदीच्या शेतकऱ्यांनी असंच केलं, १८५ उमेदवार झाले, आणि प्रत्येक केंद्रावर बारा युनिटं ओळीनं मांडून मतदान घेतलं गेलं. बटणांची भिंतच ती. हळद असो की सीमा, गाऱ्हाणं सांगायची इतर दारं बंद झाली की माणसं बटणांच्या संख्येतूनही बोलतात.

बटणाच्या फोनवरून पैसेही पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी यूपीआय १२३पे सुरू केलं. स्मार्टफोन नसलेल्यांना नंबर लावून, आकडे दाबून, पिन टाकून व्यवहार करता यावा म्हणून. नावातच एक-दोन-तीन आहे, कीपॅडची वरची ओळ.

मावशीला नातीनं दिवाळीत टचचा फोन आणून दिला होता. मावशीनं तो काही आठवडे वापरला. काच तिच्या बोटांना धड दाद देईना. कधी घासून काही उघडायचं, कधी दाबूनही काही व्हायचं नाही. हातात तंबाखूची पूड असली की स्क्रीनभर पसरायची. फोन नातीकडे गेला, मावशीचा जुना परत पिशवीत आला. त्याच्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत, पाच आणि आठ तर पार पांढरे पडलेत. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, डाव्या हातात अर्धी वळलेली बिडी. फोन लावायचा असला की ती उजव्या हाताचा अंगठा पिशवीत घालते, चाचपते, मधला ठिपका सापडला की थांबते, आणि तिथून मोजत कोल्हापूरच्या लेकीचा नंबर लावते.